तीन सूत डावीकडे

डॉक्टरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पाठी राहत. जयपुरातल्या आम्हा मराठी मंडळींच्या गणपतीत आरती चालू असताना ते सगळ्यांच्या मागे, दाराशी उभे असायचे. नवख्याला वाटे, गृहस्थ भाविक दिसतात, पण पुढे घुसायचा संकोच वाटतो बिचाऱ्यांना. संकोच कसला! ते तिथून पाठी वाचत असायचे. आरती संपून हातावर प्रसाद पडतो न पडतो तोच एखाद्याच्या कानाशी जाऊन विचारायचे, "तुमचा डावा पाय आखूड आहे, ठाऊक आहे का?" हातात मोदक धरलेल्या माणसाने यावर काय बोलावं? मला ते इतकी वर्षं ओळखत होते, पण बाजारात समोरासमोर आलो तर सरळ पुढे निघून जायचे. मी दहा पावलं गेले की मागून हाक यायची, "अहो बाई! तुम्ही होय!"

बाई म्हणायचे, कारण मी मुलींच्या कॉलेजात गणित शिकवत असे. आणि माझी पाठ त्यांच्या लक्षात राहावी यात नवल नव्हतं. पाठ अशी की कुणाच्याही राहिली असती.

चौदाव्या वर्षी आईने मला न्हाऊ घालताना पहिल्यांदा पाहिलं की उजव्या खांद्याखालचं फावड्यासारखं हाड डाव्यापेक्षा वर आलंय. तिथपासून माझ्या पाठीवर सगळ्यांचा हक्क झाला. एक मालीशवाली आली, एक हाडवैद्य आला, दाराच्या चौकटीला लोंबकळणं झालं. शेवटी मुंबईहून चामड्याचा आणि लोखंडी पट्ट्यांचा एक पिंजरा आला. तो मी पाच वर्षं घातला. हनुवटीपासून कमरेपर्यंत मी त्यात असे आणि जेवताना भात पिंजऱ्यात सांडत असे. पाठीचा कणा इंग्रजी एस अक्षरासारखा वळला होता तो वळलेलाच राहिला. पुढे शिक्षण झालं, आई गेली आणि मी जयपूरला दादाकडे आले. दादा तिथल्या छावणीत होता. माझी नोकरी लागली, वहिनीने पदर असा घ्यायला शिकवलं की उजवी बाजू झाकली जाईल, आणि लग्नासाठी फोटो काढायचा तर नेहमी डावीकडून. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी सव्वीस वर्षांची होते, आणि आता पाठ दुखायलाही लागली होती.

तेव्हा कुणीतरी डॉक्टरांचं नाव सांगितलं. म्हणजे नाव नाही सांगितलं. गावात त्यांना सगळे 'साहुलवाले डाक्टर साब' म्हणत. साहुल म्हणजे गवंड्याचा ओळंबा.

त्यांची खोली जुन्या शहरात, चांदपोलच्या आतल्या एका गल्लीत होती. सकाळी सरकारी दवाखाना आणि दुपारी तीन ते सहा इथे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पिशवीत तो जुना पिंजरा घेऊन गेले. मनात असं की याचे पट्टे आवळून मिळाले तर पुन्हा घालावा. डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. "चपला काढा आणि इकडे द्या," म्हणाले. चपला उलट्या करून त्यांनी टाचांची झीज पाहिली, बोट फिरवलं, मग म्हणाले, "हं. उजवीवर भार. काय आणलंय पिशवीत?"

मी पिंजरा काढून टेबलावर ठेवला.

"वय किती तुमचं?"

"सव्वीस."

"मग हा कुणासाठी आणलात? घरात कुणी लहान मुलगी आहे?"

"माझ्यासाठीच."

"अहो, हाडं वाढत असतात तोवर याचा थोडाफार उपयोग. वाढणाऱ्या झाडाला काठी बांधतात, वाढलेल्या झाडाला कोण बांधतं? आता हा तुम्हाला सूतभरही सरळ करणार नाही. फार दुखलं तर चार आठवडे साधा कापडी पट्टा देईन, आणि चार आठवड्यांनी तोही काढून घेईन. पट्ट्यात पाठ आळशी होते."

बारा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पिंजरा त्यांनी ठेवून घेतला. पुढच्या खेपेला मागच्या चौकात डोकावले तर तिथे आठ-दहा पिंजरे ओळीने जमिनीत रोवलेले, आणि त्यांवर दोडक्याचे, घोसाळ्याचे वेल चढलेले. माझ्यावर कारली लावली होती. पावसाळ्यानंतर त्यांच्या कंपाउंडरने घरी कारल्यांची पिशवी आणून दिली. आत चिठ्ठी होती, 'तुमच्या पट्ट्याला लागलेली.' वहिनी म्हणाली, "मतलब, हे डॉक्टर आहेत की माळी?"

ओळंब्याचं काम असं चाले. खोलीतल्या फरशीवर लाल रंगाने दोन पावलं काढलेली होती. लक्ष्मीची असतात तशी, फक्त सरळ, शेजारी शेजारी. त्यांवर अनवाणी उभं राहायचं, पाठ डॉक्टरांकडे. मानेच्या तळाशी जे हाड हाताला लागतं, तिथे चिकटपट्टीने ते दोरा लावायचे आणि दोऱ्याला खाली पितळी ओळंबा सोडायचे. कणा सरळ असेल तर दोरा माकडहाडावर पडतो. नसेल तर बाजूला पडतो, आणि किती बाजूला, ते मोजायचं. इंच ते वापरत नसत. ओळंबा आमेरच्या एका म्हाताऱ्या गवंड्याने दिलेला, म्हणून मापही गवंड्याचंच. सूत. इंचात आठ सूत. कंपाउंडर चाकसूचा होता, मिशा पिकलेला. तो वहीत लिहायचा आणि मोठ्याने सांगायचा, जणू लिलावच चाललाय: "बाईजी, तीन सूत, बाएँ!"

तीन सूत डावीकडे. माझं पहिलं माप.

"म्हणजे वाईट का?" मी विचारलं.

"म्हणजे काहीच नाही. एक माप म्हणजे माप नव्हे. तीन महिन्यांनी दुसरं घेऊ, तेव्हा बातमी कळेल. बाई, वाकडं असणं हा आजार नाही. निम्मं जयपूर वाकडं आहे. वाकडं वाढत जाणं हा आजार. वाढत नसेल तर दुखणं कमी करायचं, दम वाढवायचा आणि आपल्या कामाला लागायचं."

दम वाढवायची त्यांची रीत आणखी न्यारी. कण्याच्या वळणाने एका बाजूच्या फासळ्या दाबल्या जातात, श्वास तोकडा पडतो. म्हणून एका दमात किती मोजता येतं ते बघायचं. मारवाडी शेठ असेल तर त्याला नातेवाइकांची नावं घ्यायला लावत, शिपाई असेल तर जयपूरपासूनची स्टेशनं. मला म्हणाले, "गणिताच्या ना? म्हणा औटकी." औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. शाळेत असताना आजोबांनी पाठ करून घेतला होता. मी सुरू केलं, साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, आणि एकोणपन्नासला दम तुटला. मला वाटलं ते पुढचा आकडा सांगतील, निदान शाबास म्हणतील. ते नुसतं म्हणाले, "पुन्हा."

दुसऱ्यांदाही एकोणपन्नास. "पुन्हा."

घरी करायचे व्यायाम त्यांनी कागदावर लिहून दिले नाहीत, करून दाखवले. जयपुरी रजाई घट्ट गुंडाळायची, जमिनीवर ठेवायची आणि कण्याची फुगीर बाजू खाली येईल असं तिच्यावर कुशीवर पडायचं, वरचा हात डोक्यावरून ताणायचा. साठीच्या त्या माणसाने स्वतः रजाई गुंडाळून, खाली पडून दाखवलं. धोतर सावरत उठले तेव्हा मला हसू आवरेना. ते रागावले नाहीत. "हसा. हसतानाही फासळ्या उघडतात," म्हणाले.

रागवायचे ते कशाला, तर 'कुबड' शब्दाला. एकदा बाहेरच्या बाकावर बसलेल्या सासूने आपल्या सुनेबद्दल तो शब्द उच्चारला. डॉक्टर आतून आले आणि त्यांनी सासूलाच लाल पावलांवर उभं केलं. तिचं माप पाच सूत निघालं. कंपाउंडरने ते गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. सून तोंडाला पदर लावून बसली होती, ती हसत होती की रडत होती कुणास ठाऊक.

अशी दोन वर्षं गेली. दर तीन महिन्यांनी मी जायचे, दर वेळी तीन सूत. औटकी सत्तरापर्यंत गेली. दुखणं होतं, पण माझ्या आवाक्यातलं. मुंबईचे एक सर्जन दादाला पत्रं लिहीत असत. त्यांचं म्हणणं, ऑपरेशन करावं. नडगीचं हाड काढून कण्याच्या मणक्यांवर बसवायचं आणि मणके एकमेकांशी जोडून टाकायचे. मग मानेपासून मांडीपर्यंत प्लास्टर, आणि नऊ-दहा महिने पलंगावर उताणं. त्यानंतर मुलगी पुष्कळशी सरळ दिसेल. दादाच्या डोळ्यांत ते 'सरळ दिसेल' भरलं होतं. डॉक्टर म्हणायचे, "माप हललं तर मी स्वतः गाडीत बसवून देईन. हललं नाही तोवर कशाला?"

मग माप हललं.

तो चैत्र होता. होळीनंतर चाकसूला शीतलामातेचा मेळा भरतो, तिथे डॉक्टर दर वर्षी आठ दिवस तंबू टाकून बसत. ते परत आल्यावर चार दिवसांनी माझी पाळी होती. परीक्षेचे पेपर तपासून तपासून माझी पाठ महिनाभर ठणकत होती, हे मी त्यांना सांगितलं. मी लाल पावलांवर उभी राहिले. दोरा लागला. मग कंपाउंडरने प्रथमच हळू आवाजात सांगितलं, "छह सूत."

डॉक्टरांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सहा.

"एक्स-रे काढू, पण जुना मुंबईला आहे, तुलना कशाशी करणार?" ते म्हणाले. "दुखणं वाढलंय, ओळंबा हललाय. दोन साक्षीदार एकच सांगतायत, बाई. आता मी थांबा म्हणालो तर तो हट्ट होईल." त्यांनी माझ्यासमोर मुंबईला पत्र लिहिलं. लिहून झाल्यावर टाक ठेवला आणि माझ्याकडे, चेहऱ्याकडे, पाहिलं. माझा चेहरा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला असावा.

मी काय सांगू? भीती वाटली, खूप वाटली. पण रात्रींमागून दिवस गेले तशी भीतीखालून दुसरंच काही वर आलं. मी सरळ होणार होते. दहा महिन्यांनी उठेन तेव्हा पदर हवा तसा घेईन. उजवीकडून फोटो काढेन. हे मी कुणाला बोलले नाही, पण वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना, जी माझी सर्वांत नावडती वेळ, मी मनात म्हणायचे की आता थोडेच दिवस. कॉलेजात राजीनामा दिला, कारण दहा महिन्यांची रजा कोण देणार? वहिनीने ट्रंक भरली. सवाई माधोपूरला गाडी बदलून मुंबईला जायचं ठरलं, दादा सोबत येणार होता.

निघायला तीन दिवस राहिले असताना, ऐन जेठातल्या भर दुपारी, डॉक्टर सायकलवरून आमच्या दारात आले. डोक्याला ओला पंचा, कॅरियरला बांधलेली एक परात आणि खांद्यावर झोळी. वहिनीने पाणी दिलं ते न पिता त्यांनी परातीत ओतलं. परात ओसरीवर ठेवून, गुडघे टेकून पाण्याच्या कडेकडे बघत बसले. मग परात दोन हात सरकवली, पुन्हा पाहिलं. दादा मला खुणेने विचारत होता की यांना ऊन तर लागलं नाही ना.

"इथे उभ्या राहा, बाई," ते म्हणाले.

मी उभी राहिले. दोरा लागला. या वेळी सांगायला कंपाउंडर नव्हता.

"तीन सूत," डॉक्टर म्हणाले. "तीनच. जानेवारीत होते तेवढेच."

मग त्यांनी सांगितलं. ते मेळ्याला गेले असताना घरमालकांनी त्यांच्यावर उपकार म्हणून खोलीची फरशी नवी करून घेतली होती. जुन्या फरशीवर धुतलेलं पाणी साचायचं, म्हणून नव्या फरशीला मोरीकडे उतार दिला. कंपाउंडर मोठा इमानी, त्याने पुसलेली लाल पावलं जुन्या जागी, जशीच्या तशी पुन्हा रंगवली. त्या पावलांवर उभा राहणारा प्रत्येक माणूस एक पाय वर, एक पाय खाली असा उभा राहत होता. दोन महिने. आणि काल आमेरचा तो म्हातारा गवंडी, ज्याने ओळंबा दिला होता, कंबर दाखवायला आला. पावलांवर पाय ठेवताक्षणी म्हणाला, "डाक्टर साब, ईं फरस में तो ढाल छै." उतार त्याच्या तळव्यांना कळला. डॉक्टरांनी गोटी टाकली, ती घरंगळत मोरीत गेली.

"मी ओळंब्यावर विश्वास ठेवला," ते म्हणाले. "ओळंबा खरंच सांगत होता. खाली जमीन कशी आहे, ते मी बघितलं नाही. तीस वर्षांत शिकाऊ पोरालाही शोभणार नाही अशी चूक केली मी."

दादा भडकला. "अहो, हिने नोकरी सोडली! तिकिटं काढलीत! उद्या परवा हिला कापायला घेतलं असतं, आणि तुम्ही आता परात घेऊन येता?"

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "ओरडा. मी उभा आहे." आणि खरंच, हात खाली सोडून उभे राहिले. दादाला पुढे ओरडवेना.

आणि मी? सगळ्यांना वाटलं मी सुटले, आता हसेन. मला रडू कोसळलं. आनंदाचं नव्हे. सरळ झालेली मी, जी दोन महिने माझ्या बरोबर वावरत होती, तिला या माणसाने माझ्या देखत परातभर पाण्यात बुडवलं होतं. मी आत जाऊन ट्रंकेवर बसले. त्या घटकेला मला त्यांचा संताप आला होता, खोटं कशाला सांगू.

थोड्या वेळाने ते दाराशी आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"जायचं असेल तर अजूनही जाता येईल," ते म्हणाले. "मुंबईचे सर्जन चांगले आहेत, मी पत्र मागे घेतलेलं नाही. फक्त कारण बदललं. आधी पाठ बिघडत होती म्हणून जात होता. आता गेलात तर सरळ दिसायचं म्हणून जाल. तेही कारण असतं, मी त्याला हसणार नाही."

"पूर्ण सरळ होईन?"

"नाही. निम्मी. आणि जोडलेला भाग पुन्हा वाकणार नाही. पायात काटा गेला तर खाली बसून, गुडघा वर घेऊन काढावा लागेल. दुखणं जाईल की नाही, मी सांगू शकत नाही, तेही सांगू शकत नाहीत. काहींचा जोड नीट धरत नाही, मग पुन्हा टेबलावर. नाही गेलात तर आहे हे असं राहील. कदाचित चाळिशीनंतर थोडं वाढेल, कदाचित नाही. रजाई आणि औटकी जन्मभर."

"तुमची मुलगी असती तर काय केलं असतंत?"

"मला मुलगी नाही. आणि असती तरी पाठ तिची असती."

दादा बाहेर येरझाऱ्या घालत होता, त्याच्या बुटांचा आवाज येत होता. मला आठवलं, फळ्यासमोर उभी असताना मुली माझ्या पाठीकडे बघत असतील असं मला वाटायचं, पण त्या दोन वर्षांत एकीनेही प्रमेय चुकीचं उतरवून घेतलं नव्हतं. त्या फळ्याकडेच बघत होत्या. आपल्या पाठीकडे जन्मभर बघत आलेली मीच एकटी होते, आणि पाठ तर मला दिसतही नाही.

"वाढलं तर जाईन," मी म्हटलं. "आत्ता नाही."

"हे तुम्ही ठरवलंत?"

"हो."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि तिथून सायकल मारत थेट आमच्या प्रिन्सिपॉलबाईंकडे गेले. त्यांना काय सांगितलं ते मला नंतर कळलं: 'राजीनामा माझ्या फरशीमुळे दिला गेला आहे, त्यात तुमच्या प्राध्यापिकेचा दोष नाही.' बाई इतक्या चक्रावल्या की त्यांनी कागद परत दिला.

त्या दोन महिन्यांत उतारावर उभी राहिलेली माणसं, मला धरून, अकरा होती. वहीत सगळ्यांची नावं होती. डॉक्टर परात घेऊन प्रत्येकाच्या घरी गेले. सोडाल्याच्या एका कारकुनाला पट्टा दिला होता तो काढून आणला. चाकसूच्या एका बाईच्या उजव्या जोड्याखाली मोच्याकडून उंच टाच बसवून घेतली होती, तिच्यासाठी बसने गेले. ती बाई टाच द्यायला तयार होईना. "रहबा द्यो डाक्टर साब," म्हणाली, "ऊँची चोखी लागूँ छूँ." उंच छान दिसते म्हणे! शेवटी डॉक्टरांनी दुसऱ्या जोड्यालाही तेवढीच टाच लावून दिली. हे त्यांनी मला मोठ्या गांभीर्याने सांगितलं. मी दिवसभर हसत होते, आणि त्यांच्यावरचा माझा राग तिथे कुठेतरी संपला.

पुढे आमेरच्या गवंड्याने त्यांच्या खोलीत उताराच्या मधोमध दीड हाताचा एक सपाट दगड बसवून दिला. तरीही डॉक्टर प्रत्येक माणसाआधी त्यावर पाण्याची वाटी ठेवून बघत. माणसं कंटाळत, कंपाउंडर कुरकुर करे, पण वाटी चुकली नाही.

दादाची बदली झाली, मी जयपुरात राहिले. लग्न झालं नाही, ते पाठीमुळे असं वहिनी म्हणते, मला तसं वाटत नाही. माप तीनवर होतं, मग चार झालं आणि चारवर थांबलं. एकोणीसशे साठचं दशक संपता संपता डॉक्टर सगळं आवरून नाशिकला पुतण्याकडे जायला निघाले. शेवटच्या दुपारी मी गेले तेव्हा खोली रिकामी होती. दगडापाशी ते उभे होते, आणि तेव्हा मला दिसलं की इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पाठींमागे वाकणारी ती पाठ आता सरळ होतच नाही.

"मोज," ते म्हणाले. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा 'तू' म्हणाले. "बाजूने. कानापासून सोडायचा दोरा, घोट्यापर्यंत."

मी आधी वाटी ठेवली. मग मोजलं. दोरा घोट्याच्या नऊ सूत पुढे पडत होता.

"एक माप म्हणजे माप नव्हे," मी म्हटलं.

"शहाणी आहेस. मग तीन महिन्यांनी ये." आणि ओळंबा माझ्या हातात देऊन ते टांग्यात बसले.

तीन महिन्यांनी सुट्टी लागली तेव्हा मी नाशिकला गेले. पुतण्याचं घर नवं, फरशी गुळगुळीत. डॉक्टर काठी घेऊन चालत होते. जेवण झाल्यावर भिंतीपाशी जाऊन अनवाणी उभे राहिले. मी स्वयंपाकघरातून परात आणली, पाणी घातलं, कडेने पाहिलं, फिरवून पाहिलं. दोरा लावला. दोनदा मोजलं.

"अकरा," मी म्हटलं.

त्यांनी भिंतीकडे बघतच हळूच विचारलं, "फरशी पाहिलीस?"

त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. एका शब्दाचं काम होतं. जरा उतार वाटतोय, डॉक्टर, एवढं म्हटलं असतं तर त्या रात्री ते निवांत झोपले असते.

"पाहिली, डॉक्टर. सपाट आहे."

"हं," ते म्हणाले. काठी टेकत खुर्चीपर्यंत आले, बसले आणि माझ्याकडे बघून चक्क हसले. "मग आता मी रोगी आणि तू डॉक्टर. काय उपाय आहेत, सांग बघू. ऑपरेशन?"

"या वयात, या हाडांना? नाही. पट्टा दुखेल तेवढेच दिवस. दूध, ऊन, रोज चालणं. रजाई मी ट्रंकेतून आणलीय."

"आणि?"

"आणि औटकी. एका दमात."

त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सुरू केलं. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. पुतण्या दारात येऊन उभा राहिला. साडेसतरा, एकवीस, साडेचोवीस, अठ्ठावीस. साडेएकतीसला दम तुटला. खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. पुतण्या पुढे सरकला, म्हणाला, "काका, पस्तीस."

मी त्याला हाताने थांबवलं. डॉक्टरांचा श्वास जागेवर येईतो वाट पाहिली.

"पुन्हा," मी म्हटलं.